सोमणसरांच्या समुद्राबद्दल

सुधा, सरांच्या घरची सगळी मंडळी, कॉलेजातले माझे जुने सोबती, आणि सरांचे विद्यार्थी, जे आता स्वतः आजोबा झाले आहेत,

मला दोघातिघांनी सांगितलं, मालतीबाई, बसूनच बोला. पण बसले तर माझा धीर जाईल. म्हणून उभी राहते. हा माइक कोणी जरा खाली करता का? हं. झालं. पुरे.

मला भीती वाटते आहे. शोकसभेत बोलणारा माणूस म्हणतो की शब्द सुचत नाहीत. माझं तसं नाही. मला शब्द सुचलेले आहेत, फार वर्षांपूर्वीच सुचलेले आहेत. बोलायची भीती वाटते.

आत्ता एकांनी फार प्रेमानं सांगितलं की सोमणसरांनी या ग्वाल्हेरात समुद्र आणायचा प्रयत्न केला, तो फसला, पण प्रयत्न मोठा होता. सगळ्यांनी माना हलवल्या. सुधा, त्यांची लेक असून तूही हलवलीस. मी तेवढ्याचसाठी उभी आहे. तो प्रयत्न फसला नव्हता. तो मी बिघडवला, आणि सरांना कळू दिलं नाही. शेवटपर्यंत कळू दिलं नाही.

थांबा. कुजबुजू नका. मला क्रमानं सांगू द्या, नाहीतर मी मध्येच पळ काढेन.

मी कॉलेजात लागले तेव्हा बावीस-तेवीस वर्षांची होते. वनस्पतिशास्त्राची प्रात्यक्षिकं घ्यायची, अशी हंगामी नेमणूक. संस्थान विलीन झाल्यावर माझ्या वडिलांची दरबारची नोकरी गेली होती. ते दिवसभर इस्त्रीचा अंगरखा घालून ओसरीवर बसत आणि कोणी बोलावील म्हणून वाट बघत. घर माझ्या नोकरीवर होतं. एवढं लक्षात ठेवा. माफीसाठी सांगत नाही. भीती कुठून आली ते कळावं म्हणून सांगते.

सर तेव्हा पन्नाशीच्या जवळ होते. मी त्यांच्यापुढे शाळकरी पोर, पण ते मला 'अहो मालतीबाई' म्हणत. जुन्या घरातली रीत. आणि त्यांच्या प्रयोगशाळेत, उत्तरेच्या खिडकीशी, एक लाकडी डबा होता. डब्याला खिडकीच्या बाजूनं हिरवी काच. आत एक चंबू. चंबूत मालवणच्या खडकावरून आणलेलं, समुद्रातलं नीलहरित शैवाल. दिसायला मात्र ते लालसर तपकिरी, जुन्या गुलकंदासारखं. सर नव्या मुलांना ओळख करून द्यायचे, "नाव नीलहरित, रंग लाल, गाव मालवण, मुक्काम लष्कर, ग्वाल्हेर. असा गोंधळलेला प्राणी आपल्या दरबारातसुद्धा नव्हता."

ते समुद्राचं पाणी सर स्वतः बनवत. मालवणहून आलेलं पाणी केव्हाच संपलं होतं. इथे समुद्र कुठला? सर वेगवेगळे क्षार तोलून, ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवून, आपला समुद्र तयार करत. आणि त्या समुद्रात ते शैवाल वर्षानुवर्षं जगत होतं. वाढत होतं. उन्हाळ्यात लू, तो भाजणारा वारा, चालायची, बाहेर डांबर वितळायचं, आणि सर खिडकीला ओला टाट, म्हणजे गोणपाट, लावून आत त्या चंबूपाशी बसलेले असायचे.

ते लाल का, हे सरांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं. समुद्रात जरा खोल गेलं की तांबडा उजेड पाणीच पिऊन टाकतं. खाली उरतो तो हिरवा-निळा. साध्या पानातलं हरितद्रव्य हिरव्या उजेडाकडे बघतही नाही. म्हणून या जिवांनी दुसरी रंगद्रव्यं ठेवली. एक लाल, ते हिरवा उजेड पकडतं. ते शेजारच्या निळ्याला देतं, निळं हरितद्रव्याला देतं. सर म्हणायचे, "पंगतीत पत्रावळी हातोहात पुढे जाते ना, तशी. आणि वाटेत कोणी लाडू उचलत नाही. जवळपास सगळा प्रकाश पोहोचतो. मालतीबाई, असं खातं तुम्ही ग्वाल्हेरात एक दाखवा."

एकदा त्यांनी ते लाल द्रव्य वेगळं काढून काचेच्या नळीत घेतलं आणि उन्हात धरलं. नळी केशरी पेटल्यासारखी दिसली. मी ओरडलेच. सर म्हणाले, "प्रकाश पकडलाय तिनं, पण पुढे द्यायला शेजारी नाही. म्हणून बिचारी परत टाकतेय." मी त्या दिवशी घरी जाऊन आईला तास-दीड तास तेच सांगत होते. आईनं मध्येच विचारलं, "अगं पण सोमणांची बायको बरी आहे ना आता?"

असे दिवस होते. मग यादीचे दिवस आले.

इथल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. मध्यभारत संपून नवा मध्य प्रदेश व्हायचा होता. राजधानी भोपाळला. कचेऱ्या उठत होत्या, फायली गोण्यांत भरल्या जात होत्या. आणि सगळीकडे एकच शब्द. यादी. कोण भोपाळला जाणार, कोण रायपूरकडे, कोण राहणार, कोण जास्तीचा ठरणार. सराफ्यात, देवळात, लग्नाच्या पंगतीत, लोक एकमेकांना नमस्कार करायच्या आधी विचारत, "यादी लागली का?" माझे वडील रोज जेवताना विचारत. मी घास गिळत नसे. हंगामी माणसाचं नाव यादीत सर्वांत खाली असतं, आणि खालून कापायला सुरुवात होते, असं सगळे म्हणत.

आमच्या प्रयोगशाळेचंही ठरायचं होतं. पाहणी करायला एक समिती येणार होती. सरांना कॉलेजच्या कागदांसाठी तीन आठवडे भोपाळला जावं लागलं. जाताना त्यांनी मला दोन गोष्टी सांगितल्या. "पाणी आटलं तर नुसतं ऊर्ध्वपातित पाणी घाला, क्षार घालू नका. आणि डबा उघड्या उजेडात ठेवू नका. सावलीतले जीव आहेत, थेट उन्हानं रंग उडून जातात." मी वहीत लिहून घेतलं. मी कॉन्व्हेंटची मुलगी. सांगितलेलं लिहून घ्यायची आणि पाळायची सवय.

सर गेल्यावर चार-पाच दिवसांनी आमची अर्धी खोली कुठल्याशा खात्याच्या कपाटांसाठी घेतली. हमाल कपाटं आत आणत होते. एका कपाटाचा कोपरा डब्याला लागला आणि हिरवी काच फुटली.

कोणाचा दोष? कोणाचाच नाही. सरांना पत्र टाकलं असतं तर संपलं असतं. पण मला वाटलं, काच माझ्या पहाऱ्यात फुटली. चंबू शाबूत होता. त्यावर थेट उजेड पडत होता. मी टोपी बाजारात धावले. काचवाला म्हणाला, "हरा काँच नहीं है बहनजी, दस-पंद्रह दिन बाद देखना." मी परत आले. काहीतरी रंगीत काच लावायलाच हवी होती. आणि आमच्या फोटोच्या अंधाऱ्या खोलीत दिव्याची लाल काच होती.

मी विचार केला. शैवाल लाल. मग त्याला लाल उजेड मानवेल.

हसू नका. म्हणजे हसा, सर असते तर पोट धरून हसले असते. सरांनी मला महिनोन् महिने शिकवलं होतं की वस्तू लाल दिसते, कारण ती तांबडा उजेड घेत नाही, परत टाकते. मला ते पाठ होतं. परीक्षेत लिहिलं असतं. पण घाबरलेल्या माणसाला शिकलेलं आठवत नाही. त्याला फक्त मिळतंजुळतं दिसतं. लालाला लाल. मी ती काच बसवली, आणि त्या दिवशी बऱ्याच दिवसांनी मला नीट झोप लागली.

दहाएक दिवसांनी हरप्रसाद, आमचे प्रयोगशाळेतले म्हातारे परिचर, डब्यात डोकावून म्हणाले, "बाईजी, इसमें तो काई लग गई."

मी बघितलं. चंबू हिरवा होत चालला होता. गुलकंदाचा रंग कुठेच नाही. तळ्याच्या काठावर शेवाळ असतं तसलं, साधं, निळसर हिरवं. चार दिवसांत तर पूर्णच.

मला वाटलं, संपलं. सरांचं मालवणचं शैवाल मेलं आणि कुठून तरी ही इथली काई, साधं डबक्यातलं शेवाळ, आत शिरली. माझ्या हातून शिरली. पाणी घालताना मी झाकण उघडं ठेवलं असेल. समिती येईल, चंबू बघेल, विचारेल की हेच का तुमचं समुद्राचं शैवाल, हे तर आमच्या हौदातही आहे. सरांची फजिती होईल. मग कोणी तरी विचारेल, देखभाल कोणाकडे होती? आणि यादीत खालून कापायला सुरुवात होईल.

हरप्रसाद म्हणाले, "साहब को आने दो, वो देख लेंगे."

मी म्हटलं, "नाही."

चंबू मी मोरीत रिकामा केला. सगळा. एक थेंबही ठेवला नाही. मग आम्लानं धुतला, दोनदा. माझी बोटं भाजली तरी धुतला. तोवर टोपी बाजारात हिरवी काच आली होती. ती बसवली. लाल काच जागेवर नेऊन ठेवली. हरप्रसादांनी सगळं पाहिलं. त्यांचंही यादीत ठरायचं होतं.

सर आले. त्यांचा तो चेहरा मी सांगणार नाही. मी सांगितलं, "सर, ते पांढरं पडलं. कुजलं. वास यायला लागला म्हणून टाकलं."

पांढरं म्हटलं मी. हिरवं म्हटलं नाही. हिरवं म्हणायची मला लाज वाटली, कारण काई शिरली म्हणजे माझी चूक.

सरांनी एकच प्रश्न विचारला. "काचेला काही झालं नव्हतं ना?"

मी म्हटलं, "नाही सर. काच ठीक होती."

ते डब्यासमोर उभे राहिले. नवी काच त्यांनी बोटानं पुसली. मग म्हणाले, "मग पाणीच. माझ्याच पाण्यात काहीतरी चुकलं." आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही मनाला लावून घेऊ नका, मालतीबाई."

दुसऱ्या दिवशी समिती आली. सरांनी त्यांना रिकामा चंबू दाखवला. आपण होऊन दाखवला. म्हणाले, पाणी बनवण्यात माझी चूक झाली. समितीतले एक गृहस्थ हसत म्हणाले, "प्रोफ़ेसर साहब, ग्वालियर में समुंदर का काम भी क्या है?" बाकीचेही हसले. सरही हसले. मी दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होते.

यादी लागली. प्रयोगशाळेची खोली गेली. सरांची बदली रायपूरच्या बाजूला झाली. राहणाऱ्यांत माझं नाव होतं. मी राहिले. वडिलांनी पेढे आणले.

तोपर्यंत मला खरोखर वाटत होतं की ते मेलं होतं. खोटं बोलले, पण एका मेलेल्या गोष्टीबद्दल बोलले. तेवढ्यावर मी तीन-चार वर्षं काढली.

मग एकदा कॉलेजच्या ग्रंथालयात, तास घेण्यासाठी, एक जाड पुस्तक उघडलं. त्यात लिहिलं होतं की या शैवालांपैकी काही आपला रंग उजेडाप्रमाणे बदलतात. हिरव्या उजेडात ठेवा, लाल द्रव्य वाढवतात. तांबड्या उजेडात ठेवा, लाल द्रव्य कमी करतात, निळं वाढवतात, आणि आठ-पंधरा दिवसांत हिरवी दिसू लागतात. जीव तोच. जो उजेड मिळेल तो पकडायला हात बदलतात, इतकंच. आणि त्या परिच्छेदाच्या बाजूला पेन्सिलनं, सरांच्या अक्षरात, लिहिलं होतं, 'आपल्या शैवालावर करून पाहणे.'

मंडळी, मी ते करून पाहिलं होतं. नकळत. आणि ते झालं होतं. ग्वाल्हेरात, सरांच्या पाण्यात, लष्करातल्या एका खिडकीशी, ते झालं होतं. शैवाल मेलं नव्हतं. काई शिरली नव्हती. ते मजेत जगत होतं, आणि मी ते जिवंत मोरीत ओतलं. मी नुसतं 'हिरवं झालं सर' एवढं म्हटलं असतं, तरी त्यांनी उडी मारली असती. समितीला तेच दाखवलं असतं. कोणास ठाऊक, खोली राहिली असती.

त्या दिवशी ग्रंथालयात मला घाम फुटला. थंडीचे दिवस होते. मी इकडेतिकडे पाहिलं, आपल्याला कोणी हे पान वाचताना पाहिलं का म्हणून. मग पुस्तक मिटलं आणि खालच्या फळीवर, मागच्या रांगेत ठेवून दिलं. हेही मी केलं.

सरांना पत्र लिहिलं. फाडलं. पुन्हा लिहिलं. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये ख्रिस्ती मुली शनिवारी प्रार्थनाघरातल्या लाकडी खोक्यात जाऊन जाळीआडून सगळं सांगून यायच्या आणि उड्या मारत बाहेर पडायच्या. आम्ही मराठी मुली चिंचेखाली थांबलेल्या. मला त्यांचा हेवा वाटायचा. मोठेपणी तर फारच.

सर निवृत्त होऊन ग्वाल्हेरला, जयेंद्रगंजातल्या घरी परत आले. दर गुरुवारी मी त्यांच्याकडे जायची, हे तुम्हांला माहीत आहे. लोक कौतुक करत, की मालतीबाई गुरूला विसरल्या नाहीत. मी भीतीनं जात होते. आज विचारतील, असं वाटायचं. त्यांनी कधी विचारलं नाही. त्यांनी काय केलं ते सांगू?

ते पाणी बनवत होते. म्हातारपणात. सराफ्यातून एक जुना सोन्याचा काटा आणला होता, त्यावर क्षार तोलायचे, बरण्या भरायचे, प्रत्येक बरणीवर चिठ्ठी. कुठे चुकलं ते शोधत होते. मला चमचा देत. "चाखा. प्रयोगशाळेत चाखायचं नसतं, पण हे घर आहे." मी चाखायची. म्हणायची, "बरोबर आहे, सर." ते म्हणायचे, "तुम्ही कधी मालवणला गेला आहात? नाही ना? मग तुम्हांला काय कळतंय?" आणि हसायचे.

मी एकदा म्हटलं, "सर, नवीन शैवाल मागवू या ना. वाढवून पाहू."

हसणं थांबलं त्यांचं. म्हणाले, "एकदा मारलंय मी. पाणी बरोबर आहे याची खात्री झाल्याशिवाय दुसरा जीव त्यात घालणार नाही."

सुधा, तू तेव्हा स्वयंपाकघरातून ओरडलीस, "बाबा, मिठाचा डबा पुन्हा तुमच्याकडे आहे का?" आठवतं तुला? तू किती वैतागायचीस त्या बरण्यांना. तुझ्या घरातली एक अख्खी भिंत माझ्या एका शब्दानं अडवली होती.

ते जायच्या आधी दहा-बारा दिवस मी ठरवून आले होते. देवापुढे बोलून आले होते. सर पडून होते. मी खुर्ची जवळ ओढली आणि म्हटलं, "सर, ती काच..." सरांनी डोळे उघडले. म्हणाले, "कुठली काच?" आणि सुधा औषध घेऊन आत आली. मी गप्प बसले. सुधा, मला तेव्हा काय वाटलं ते मी तुझ्यासमोर, सगळ्यांसमोर सांगते. मला सुटल्यासारखं वाटलं. एक माणूस मरायला टेकला होता, त्याच्या हक्काचं एक वाक्य माझ्याकडे होतं, आणि ते द्यावं लागलं नाही म्हणून मला बरं वाटलं.

तुम्ही म्हणाल, आता बोलून काय उपयोग? सरांना काही नाही. मलाही हलकं वाटत नाही. बोललं की भीती जाते असं मला वाटलं होतं. ती गेलेली नाही. या सभेतून घरी जाताना माझ्याबरोबर कोण चालेल, याची मला आत्तासुद्धा भीती आहे. तरी बोलले, कारण आज मी गप्प बसले असते, तर 'फसला' हा शब्द सरांच्या नावापुढे कायमचा राहिला असता, आणि तो खोडू शकणारं दुसरं कोणी जिवंत नाही. हरप्रसाद केव्हाच गेले.

सुधा, तू उठू नकोस. मला जवळ घेऊ नकोस आत्ता. राग आला असेल तर तो राहू दे.

सर आम्हांला सांगायचे, प्रयोगाची वही कितीही पानं चालो, निष्कर्ष एका ओळीत लिहा, आणि खाली आपली सही करा, म्हणजे विचारायला आलेल्याला माणूस सापडतो. त्यांच्या वहीतली ती जागा मी कोरी ठेवली होती. आज भरते.

पाणी बरोबर होतं, सर. काच मी बदलली. मालती.

आता आपण सगळे उभे राहू या. दोन मिनिटं. माझ्याबद्दल काय ते नंतर ठरवा. ही दोन मिनिटं त्यांची आहेत.